तोरण लावलेलं दार

टिण्.

वाटीच्या काठाला चमचा लागल्याचा आवाज. अगदी चोरटा, पण पहाटेच्या त्या शांततेत स्वयंपाकघरातून थेट माझ्या कानात शिरला. बाळ नुकतंच झोपलं होतं. त्याच्या इवल्या नाकपुड्या हलताना बघत मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. आवाज आला तशी मी डोळे गच्च मिटून घेतले.

आईनं कोपरानं दार ढकललं आणि माझ्या उशाशी येऊन बसली.

"जागी आहेस, माहितीये मला. ऊठ, कॉफी घे."

"इतक्या पहाटे?"

"आज बारसं आहे. दिवसभर पाहुण्यांच्या गडबडीत कोण विचारणारे तुला? घे, गरम आहे तोवर."

मी उठून बसले. कॉफीवर पिवळसर तवंग होता. कप हलवला की तो तुटायचा आणि पुन्हा एक व्हायचा.

"आई, यात काय आहे?"

"कॉफी."

"आणि हे वर काय तरंगतंय?"

"म्हशीचं दूध आहे गं. साय असेल."

"आई, एरंडेल आहे ना?"

"हळू बोल, बाळ ऐकतंय!"

त्या दिवसांत आमच्या बार्शीच्या घरात दोनच गोष्टींची चर्चा होती. एक, बाळाचं नाव काय ठेवायचं. आणि दोन, मला झालं का. दुसरी चर्चा पहिलीपेक्षा जास्त मोकळेपणानं चालायची.

दवाखान्यातून घरी आल्यापासून माझी सकाळ "झालं का?" यानंच उजाडायची. आई विचारायची. शेजारच्या कानडेकाकू कुंपणावरून विचारायच्या. अंगाला लावायला येणाऱ्या सोजरमावशी तर पोट दाबून बघायच्या आणि कलिंगड पारखावं तशी मान हलवायच्या. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे विचारणं जड जायचं. ते तोंडासमोर पेपर धरून दारात उभे राहायचे आणि पेपरलाच विचारायचे, "काय, काही विशेष?" मी "नाही" म्हटलं की "बरं बरं, होईल होईल" म्हणत, निकाल पुढं ढकलला गेलेल्या उमेदवाराच्या चेहऱ्यानं निघून जायचे.

कारणं उघड होती. लोहाच्या गोळ्या, तुपातले डिंकाचे लाडू, टाक्यांची भीती. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे पाणी. आमच्या आईकडच्या घराण्यात बाळंतिणीला पाणी देत नाहीत. पोट सुटतं म्हणे. ओवा-बडीशेप घालून उकळलेलं कोमट पाणी एका पिटुकल्या फुलपात्रातून मिळायचं, तेही तीर्थ दिल्यासारखं.

डॉक्टर निंबर्गी मॅडमनी एक गोड, पाकासारखं औषध लिहून दिलं होतं. "रात्री झोपताना दोन चमचे," त्या म्हणाल्या होत्या. "हे औषध आतड्यात पाणी ओढून घेतं आणि खडा मऊ करतं. म्हणजे पाणी पोटात असायला हवं. दिवसभर भरपूर प्यायचं. गुण यायला एखाद-दुसरा दिवस लागतो, घाई करायची नाही. आणि याच्या जोडीला दुसरं काही म्हणजे काही घ्यायचं नाही. नाहीच फरक पडला तर मला फोन करा."

आई मान डोलावत सगळं ऐकत होती. रिक्षातून घरी येईपर्यंत त्यातले फक्त दोन चमचे तिच्या लक्षात राहिले. पाणी दवाखान्यातच सांडलं.

मी मात्र सगळं ऐकलं होतं. पण माझं तोंड त्या काळात दोनच कामांसाठी उघडायचं. एक, समोर आलेला चमचा आत घ्यायला आणि दुसरं, "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायला.

नावाचंही तसंच झालं होतं.

बाळाचं नाव ठेवण्याचा मान आत्याचा. आमच्याकडची आत्या म्हणजे माझ्या नणंदबाई, शैलजाताई. त्यांचं सांगलीला बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल आहे. शेजारच्या सीटवर बसून भर चौकात "क्लच! क्लच दाबा! डोळे मिटू नका!" असं ओरडून ओरडून त्यांचा आवाजच तसा झाला होता. साधं "चहा घेणार का?" विचारलं तरी समोरचा माणूस पाय आपटून ब्रेक दाबायचा. त्यांनी फोन केला होता.

"सुमेधा, नावाचं काय? तुला काय आवडतं?"

माझ्या मनात एक नाव होतं. पोटातल्या बाळाला मी दुपारी एकटी असताना त्याच नावानं हाक मारायचे. ते नाव मी नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

"तुम्ही म्हणाल तसं, ताई."

"क्रियांशी कसं वाटतं?"

"छान आहे."

"नक्की?"

"हो, वेगळंच आहे."

फोन ठेवला आणि मी बाळाकडे बघून तीनदा क्रियांशी म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा बाळ शिंकलं.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी सांगलीची मंडळी आली. नवरा हृषी, शैलजाताई आणि सासूबाई. सासूबाईंनी बाळाची दृष्ट काढली, मग खोलीत माझ्याशेजारी बसल्या आणि दाराकडे बघत कुजबुजल्या, "झालं का?"

सांगलीपर्यंत बातमी गेली होती.

मी मान हलवली. त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली. आत हिरवट चूर्ण होतं.

"आमच्या वैद्यांकडचं आहे. हृषीच्या वेळी मलाही असंच झालं होतं. कोमट पाण्याबरोबर गिळून टाक. सकाळी बघ कशी मोकळी होतेस."

"अहो आई, पण डॉक्टर म्हणाल्या होत्या की..."

"झाडपाला आहे गं, औषध थोडीच आहे? आणि हे बघ, तुझ्या आईला सांगू नको. विहीणबाईंना वाटायचं, आम्ही त्यांच्या करण्यात खोट काढतोय."

मी तोंड उघडलं. चूर्ण गिळलं.

तासाभरानं आई बाटली घेऊन आली. "दोन चमच्यांनी काही होत नाही, मेलं पुचाट औषध आहे," म्हणत तिनं दुप्पट ओतलं. "सासूबाईंना सांगू नको हं. त्यांना वाटेल, मुलीला औषधावर ठेवलंय."

मी पुन्हा तोंड उघडलं.

आणि आता पहाटे ही कॉफी. आईचा एक हात माझ्या पाठीवर, डोळ्यांत झोप नाही, केसांची बट तोंडावर आलेली. रात्रभर पाळणा सजवत बसली होती बिचारी. तिला कसं सांगायचं की तुझ्याआधी दुसरी एक आई येऊन गेली आहे?

मी नाक दाबून कॉफी प्यायले.

सकाळ झाली. झालं काहीच नाही.

आमचं घर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मोठी बैठक असं. संडास एकच, तोही बैठकीतून जाणाऱ्या बोळात, जिन्याखाली. पाळण्यापासून त्याचं दार पाच-सहा पावलांवर. अण्णांनी नातीच्या बारशाची इतकी तयारी केली होती की घरातल्या एकूण एक दाराला आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं तोरण लावलं होतं. त्याही दाराला. आई म्हणाली, "अहो, तिथं कशाला?" तर म्हणाले, "फुलं उरली होती. आणि पाहुणे तिथंही जाणारच ना?" ते दार त्यांनी दिवाळीत उरलेल्या शेंदरी रंगानं रंगवलेलं होतं. तोरण लावल्यावर घरातलं सगळ्यांत देखणं दार तेच दिसायला लागलं.

बायका जमल्या. मला हिरवी साडी नेसवली, आत पोटाला पट्टा आवळला, वर ओटी भरली. फोटोवाला आला. नवऱ्याला केक आणायला पिटाळलं. केकवर गुलाबी क्रीमनं क्रियांशी लिहून घ्यायचं होतं.

आमच्याकडे बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंटा घालतात. वरवंट्याला झबलं-टोपडं घालायचं, हळदकुंकू लावायचं आणि बाळासारखं पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींकडे द्यायचं. वरवंट्यासारखं बाळ दणकट व्हावं म्हणून. मी पाळण्याच्या एका बाजूला, कानडेकाकू दुसऱ्या बाजूला. बाळ आत्याच्या मांडीवर. कानडेकाकूंनी पाळण्याखालून वरवंटा माझ्या हातात दिला.

आणि माझ्या पोटातून आवाज आला.

गुर्र्र्र.

गाणाऱ्या बायका थांबल्या. एक आजी म्हणाल्या, "अगं, आत्यानं अजून कुर्र केलं नाही. एवढ्यात कोण?"

दुसरा आवाज पहिल्यापेक्षा लांब होता. सगळ्यांचे डोळे माझ्या हिरव्या साडीवर. मला दरदरून घाम फुटला. चूर्ण, पाक आणि एरंडेल, तिघंही एकाच गाडीनं स्टेशनात येत होते.

मी पळाले.

"अगं बाई, बाळ घेऊन कुठं पळतीय ही!" मागून किंचाळी आली.

"बाळ इथंय," शैलजाताईंचा आवाज. "ती वरवंटा घेऊन गेली."

मी शेंदरी दाराला धडकले. दार आतून बंद.

"कोण आहे?" आतून निवांत आवाज आला. आईचा भाऊ, अप्पामामा. आत पेपरची पानं उलटल्याचा आवाज. अप्पामामा आत गेले की बातम्यांपासून छोट्या जाहिरातींपर्यंत सगळं वाचून बाहेर येतात, हे साऱ्या गोतावळ्याला माहीत.

"मामा, मी आहे, लवकर..."

"हां हां, चालू दे बारशाचं. मी आलोच."

मी वरवंटा पोटाशी धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर. तेवढ्यात मागून शैलजाताई आल्या. बाळ खांद्यावर. त्यांनी दारावर अशी थाप मारली की तोरणातलं झेंडूचं फूल खाली पडलं.

"मामा! गाडी बाहेर काढा! मागं अँब्युलन्स आहे!"

त्या आवाजाला पन्नाशीची बाई भर बाजारात रिव्हर्स घेते. मामा पेपर बगलेत, एका हातानं लेंगा सावरत बाहेर आले. मी आत.

पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते की इतके दिवस सगळं घर ज्याची वाट बघत होतं ते झालं, आणि होतच राहिलं. दोनदा मी उठून कडीला हात लावला आणि दोनदा पुन्हा बसले. वरवंटा समोर बादलीशेजारी. टोपडं घातलेला, कुंकू लावलेला. माझ्याकडे बघत होता.

बाहेर कुजबुज वाढत होती.

"झालं का?" आईचा आवाज. सवयीनं.

"होतंय," मी म्हणाले.

"बघा, गुण आला!" आई कुणाला तरी म्हणाली. आवाजात अभिमान.

"आला हो आला," सासूबाईंचा आवाज. त्यातही अभिमान.

थोड्या वेळानं मला गरगरायला लागलं. पाय थरथरायला लागले. तोंडाला कोरड पडली होती, जीभ टाळूला चिकटत होती. मी भिंतीला टेकले.

"सुमेधा," दाराजवळून शैलजाताई, "आवाज का बदललाय तुझा? चक्कर येतीय का?"

"थोडी."

"कडी काढून ठेव. कुणी आत येणार नाही, मी उभी आहे इथं. पण कडी काढ." मी काढली. "आता सांग, काय काय घेतलंस?"

दाराबाहेर दोन्ही आया उभ्या. एकीला दुसरीचं सांगायचं नव्हतं, दुसरीला पहिलीचं.

"डॉक्टरांना फोन लावलाय मी. स्पीकरवर आहेत. बोल."

"सुमेधा?" निंबर्गी मॅडमचा आवाज बोळात घुमला. "सिरप किती घेतलंस?"

"काल चार चमचे."

"दोन सांगितले होते मी. आणि दुसरं काय घेतलंस?"

मी वरवंट्याकडे बघितलं. तोही ऐकत होता.

"रात्री सासूबाईंनी चूर्ण दिलं," मी म्हणाले. "आणि पहाटे आईनं एरंडेल. कॉफीतून."

बाहेरून दोन आवाज एकदमच.

"तुम्ही चूर्ण दिलंत?"

"एरंडेल? विहीणबाई, बाळंतिणीला एरंडेल?"

"झाडपाला आहे म्हणून का कसाही द्यायचा?"

"मग तुमचं काय झाडावरचं नव्हतं?"

"दोघीही थांबा!" शैलजाताई गरजल्या. बाळ दचकलं, पण रडलं नाही. त्या आवाजाची त्याला पहिल्या दिवसापासून सवय लागली ती आजतागायत आहे.

"तिन्ही गोष्टी पोट साफ करणाऱ्याच," मॅडम फोनवरून म्हणाल्या. "एकावर एक घेतल्या की शरीरातलं पाणी जातं. म्हणून चक्कर येतीय. रक्त पडलंय का? पोटात खूप दुखतंय का? उलटी?"

"नाही."

"बरं. यातलं काहीही झालं किंवा चक्कर वाढली तर ताबडतोब घेऊन या. आजपासून सगळी औषधं बंद. मी सांगेपर्यंत सिरपसुद्धा नाही. बाळाला अंगावर पाजायला हरकत नाही, फक्त त्याला जुलाब होताहेत का त्यावर लक्ष ठेवा. आता मला सांग, रोज पाणी किती पितेस?"



"एक फुलपात्र," अण्णांचा आवाज. पेपरमागून असावा. "छोटं."

मॅडम म्हणाल्या, "मेडिकलमधून क्षारांची पाकिटं आणा. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा आणि घोट घोट पाजत राहा. पाणी ओढून घेणारं औषध कोरड्या पोटात ओतत होता होय तुम्ही सगळे?"

अप्पामामा चपला घालून पळाले. आयुष्यात पहिल्यांदाच, असं मामी नंतर म्हणाल्या.

"अगं पण मुहूर्त!" सासूबाई. "मुहूर्त चाललाय, आणि वरवंटा आत."

"असू दे आत," एक आजी म्हणाल्या. "आता तो पाळण्यात कसा चालेल?"

"आईला सोडून नाव ठेवायचं का?" आईचा आवाज रडवेला. "पहिलटकरीण माझी पोर, आणि तिथं..."

"नाव इथंच ठेवू," शैलजाताई म्हणाल्या. "बाळ माझ्याकडे आहे, मी इथं आहे, ती आत आहे. हाकेच्या अंतरावर. काय गं सुमेधा?"

"तुम्ही म्हणाल..." मी सुरू केलं. आणि थांबले.

मला तहान लागली होती. इतकी तहान मला जन्मात लागली नव्हती. समोर शेंदरी दार होतं. त्यापलीकडे सगळे होते, पण कुणाचाही चेहरा मला दिसत नव्हता. माझाही कुणाला दिसत नव्हता. आणि आता लाज वाटण्यासारखं माझ्यापाशी काही शिल्लकच नव्हतं. बारशाला आलेल्या तमाम बायकांनी माझ्या पोटाचा इतिहास स्पीकरवर ऐकला होता.

"मला पाणी पाहिजे," मी म्हणाले.

"आणतायत गं मामा, ते..."

"ते येईल तेव्हा येईल. आता साधं पाणी पाहिजे. फुलपात्र नको. तांब्या पाहिजे."

दार थोडंसं उघडलं. तांब्या आत आला. हात आईचा होता. बांगड्या ओळखू आल्या. "घोट घोट पी," ती म्हणाली. पोट सुटेल असं म्हणाली नाही.

मी प्यायले. कुठलंही सरबत मला कधी इतकं गोड लागलं नाही. मग श्वास घेतला.

"आणि मला क्रियांशी आवडत नाही."

बाहेर कुणीतरी खोकलं.

"काय म्हणालीस?" शैलजाताई.

"क्रियांशी आवडत नाही. पहिल्या दिवसापासून नाही आवडलं. मला अबोली पाहिजे. ती पोटात असल्यापासून मी तिला अबोलीच म्हणते. तुमचा मान आहे मला माहितीये, तुम्ही ठेवा, पण अबोली ठेवा."

मी डोळे मिटून घेतले. आता तो आवाज येणार, ब्रेक लागणार.

हसू आलं. आधी खुसखुस, मग खो खो. शैलजाताईंना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"अगं बये! मला तरी कुठं आवडतंय ते? क्लासला येणाऱ्या एका पोरीनं सुचवलं. म्हटलं, हल्लीच्या मुलींना असलंच काहीतरी आवडत असेल. तू म्हणालीस छान आहे. तुला दोनदा विचारलं मी! रोज आरशासमोर पाठ करत होते, ऐनवेळी जीभ अडखळू नये म्हणून."

"माझी तर रोजच अडखळते," सासूबाई म्हणाल्या. "मी किर्याणाशी म्हणत होते."

"अबोली," आई हळूच म्हणाली, चव घेऊन बघितल्यासारखी. "कित्ती गोड आहे."

"चला, ओळीनं उभ्या राहा!" शैलजाताईंचा आवाज पुन्हा चौकातला. "तबक इकडं. फोटोवाले, कुठं गेलात? जिन्यात चढा, तिथून सगळे येतील. सुमेधा, ऐकतीयस ना? हे बघ, मी दाराला अगदी टेकून वाकते."

मला दिसलं काही नाही, पण सगळं ऐकू आलं. निरांजनाच्या ताटलीचा आवाज, बांगड्या, साड्यांची सळसळ. मग लाकडापलीकडे, माझ्यापासून वीतभर अंतरावर, माझ्या लेकीच्या कानात तिच्या आत्यानं लांबलचक "कुर्र्र्र" केलं आणि म्हणाली, "अबोली."

आत्यानं नाव घेतलं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, तशी पद्धत आहे. सगळ्यांनी घातले. सासूबाईंचा जोर ऐकूनच कळत होता. मला बाहेर जाता येत नव्हतं. मी वरवंटा उचलला, त्याचं टोपडं नीट केलं, आणि आतून दारावर धाड धाड दोन ठोकले.

"आईचे पोचले!" शैलजाताई ओरडल्या. बोळभर हसू फुटलं. हसता हसता मी रडत होते आणि रडता रडता तांब्यातलं उरलेलं पाणी पीत होते.

केक आला तेव्हा मी कॉटवर आडवी होते. दोन्ही बाजूंना दोन आया, एकीच्या हातात क्षारांच्या पाण्याचा पेला, दुसरीच्या हातात चमचा. आता चमच्यानं ते पाणी द्यायचं की पेल्यानं, यावर वाद चालू होता. अण्णांनी सुरीनं केकवरची क्रियांशी खरवडली आणि चाटून टाकली. "चांगली होती," म्हणाले, "पण फार गोड."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या उशाशी पाण्याची कळशी आली. "झालं का?"च्या जागी "प्यायलीस का?" सुरू झालं. कानडेकाकूही कुंपणावरून तेच विचारायला लागल्या. पोट शांत झाल्यावर मॅडमनी तेच पाकासारखं औषध पुन्हा सुरू केलं, थोडंसं, दोन चमच्यांहूनही कमी. त्याच्या जोडीला पालेभाजी, मुगाचं वरण आणि पाणी. आईनं दोन दिवस हाताची घडी घालून वाट बघितली. चमच्याकडे बघायची, माझ्याकडे बघायची, पण गप्प बसायची. तिसऱ्या सकाळी सगळं इतकं साधं, इतकं बिनबोभाट झालं की मी बाहेर येऊन कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

अण्णांनी ओळखलं. पेपर खाली ठेवला, बाजारात गेले आणि पेढे आणले. गल्लीत वाटताना नातीच्या नावाचे आहेत म्हणून सांगितलं.

याला सहा वर्षं झाली. अबोली नावाची मुलगी दिवसभर बोलते. झोपेतसुद्धा बोलते, म्हणून तर मला हे लिहायला तिच्या दुपारच्या झोपेतला तुकडाच मिळतो. काल मात्र तो तुकडाही मिळाला नाही. ती उठून जुना अल्बम घेऊन माझ्या मांडीत येऊन बसली.

"आई, हा माझ्या बारशाचा फोटो आहे?"

"हो."

"ही आत्या?"

"हो."

"तिच्या हातात मी? आणि या दोन्ही आज्या?"

"हो, बाळा."

फोटो जिन्यातून काढलेला. वरून सगळे दिसतायत. समोर बंद शेंदरी दार, त्यावर आंब्याच्या पानांचं आणि झेंडूचं तोरण. दाराशी आत्या बाळाला घेऊन कमरेत वाकलेली. तिच्या मागे आजी ओवाळणीचं तबक धरून उभी, निरांजन पेटलेलं. सगळ्या बायकांनी पदर डोक्यावरून घेतलेले. एका बाजूला अण्णा, दाराकडे बघत, डोळ्यांत पाणी, दोन्ही हात जोडलेले.

अबोलीनं फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला. मग आवाज एकदम हळू करून, देवळात गेल्यावर मी तिला बोलायला सांगते तसा, तिनं विचारलं,

"आई, या दाराच्या आत कुठला देव आहे गं?"